दात गेले, पट्टा आला

मित्रांनो, मी एक जुनी, लहानशी मिलिंग मशीन आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी चिडकी आहे. जन्मापासून नव्हते. पण रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, शालिग्राम मोहरील यांच्या मागच्या पडवीत दोन-तीन वर्षं काढली असती, तर तुम्हीही चिडके झाला असता.

माझं काम काय ते ऐका. माझ्या डोक्यात मोटर आहे, डोक्याखाली गरगर फिरणारा कटर आहे आणि कटरखाली मागेपुढे, डावीउजवीकडे सरकणारं टेबल आहे. टेबलावर लोखंडाचा तुकडा घट्ट बांधायचा, हाताने चाक फिरवून तो हळूहळू कटरखाली न्यायचा, की मी त्यात सरळ, स्वच्छ खाच पाडून देते. हळूहळू हा शब्द तेवढा लक्षात ठेवा. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

माझा जन्म दूर चीनमधल्या एका कारखान्यातला. घडवणाऱ्यांनी मला ओतीव लोखंडाचा खांब दिला, टेबल घासूनपुसून गुळगुळीत केलं, वरून छान लाल रंग दिला. आणि मग कुणाच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, मोटरची ताकद कटरपर्यंत पोचवायला माझ्या डोक्यात प्लॅस्टिकचे गियर बसवले. प्लॅस्टिकचे! लोखंड कापणाऱ्या मशीनला दात मात्र खेळण्यातल्या गाडीचे. याची तक्रार मी कुणाकडे करणार?

शालिग्रामजी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. वर्ध्याकडून विशीत आले आणि इथलेच झाले. ते रिटायर झाले तेव्हा त्यांचा मुलगा शेखर याने मला त्यांच्यासाठी मागवलं. शेखर नव्या रायपुरातल्या मंत्रालयात नोकरीला. आपला बाप दिवसभर पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांचे नळ दुरुस्त करत आणि कुलपं उघडत बसतो, हे त्याला बरं दिसत नव्हतं. छंद म्हणून एखादी छोटी मशीन असावी, असा त्याचा चांगला विचार. विचार चांगलाच होता, त्याचं मी काही म्हणत नाही.

पण ज्या माणसाने जन्मभर हत्तीएवढ्या मशीनी चालवल्या, त्याचा हात माझ्यावर कसा पडला असेल? पहिल्याच दिवशी त्यांनी कटर लोखंडात असा खोल घातला की माझ्या डोक्यात कडकड झाली आणि तीन दात साफ गळाले. शालिग्रामजींनी झाकण उघडून पाहिलं.

"शेखर, ही मशीन आहे का खेळणं?"

"पापा, धीरे चलाना पडता है ना," शेखर म्हणाला. शेखरला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदीच निघते.

नवा गियर बाहेरून मागवावा लागे. यायला दीड महिना. तो बसला, चार महिने चालला, पुन्हा दात गेले. पुन्हा दीड महिना मी अंगावर धूळ घेऊन उभी. आणि चालू असले तरी काय सुख होतं? गियरचा तो खडखडाट! शेजारचे लोक भिंतीवर थापा मारत. मीच मला कंटाळले होते.

त्या खडखडाटाचा फायदा मात्र एका माणसाला होता. कारखान्यात छत्तीस वर्षं मशीनच्या आवाजाखाली पुटपुटायची शालिग्रामजींना सवय लागलेली. फोरमनला काय बोलायचं, साहेबाला काय बोलायचं, ते सगळं आवाजात खपून जायचं. इथे फोरमन नव्हता, म्हणून बायको. मी सुरू झाले की यांचं तोंड सुरू. आज भाजीत मीठ जास्त होतं. परवाची चादर अजून वाळत घातली नाही. मला सगळं ऐकू यायचं, पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वनमालाबाईंना एक अक्षर नाही. आणि एक गंमत सांगते, पुटपुटताना हे तिचं नाव घ्यायचे. लोकांसमोर कधी नाही. लोकांसमोर ती "शेखरची आई" किंवा नुसतं "अवो". माझ्यापाशी मात्र "वनमाला असं करते, वनमाला तसं करते."

वनमालाबाई पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसत, कारण तिथे त्यांची पिको मशीन होती. साडीच्या काठाला पिको करायची ती जुनी, काळी, पायाने चालवायची मशीन. खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या लहान चाकावर चामड्याचा गोल पट्टा. पाय हलवला की चालली. तीस वर्षं त्या मशीनवर बाईंनी पाऱ्यातल्या किती साड्यांचे काठ बांधले, ते त्यांनाही सांगता येणार नाही. गोल बाजारातून साडी घेतली की बायका थेट इकडेच येत. लग्नसराईत तर गठ्ठे लागत. मला ती मशीन आवडायची. कमी बोलायची आणि रोज काम करायची. आमच्यापैकी एकीला तरी ते जमत होतं.

तर त्या वर्षी पोळा झाला आणि पिको मशीनमधला एक भाग तुटला. बोटभर लांबीचा, मधे खाच असलेला लोखंडी दांडा. सुई डावी-उजवीकडे हलते ती त्याच्यामुळे. तो गेला की पिको बंद. बाईंनी सगळीकडे विचारलं. ती मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, तो भाग कुठेच मिळेना.

"मम्मी, अब रहने दो ना," शेखर म्हणाला. "राजधानी में रह के पैर से मशीन मारती हो. दिवाली की सफाई में कबाडी को दे देते हैं."

"आणि मी काय करू दिवसभर?" बाईंनी विचारलं.

"आराम."

बाईंनी पिको मशीनवर धुतलेलं कापड झाकलं आणि आत गेल्या. मित्रांनो, मी चिडकी असले तरी आंधळी नाही. त्या दिवसापासून बाई रोज दुपारी येत, त्या झाकलेल्या मशीनपुढच्या स्टुलावर बसत, थोडा वेळ नुसतंच पायाने पेडल हलवत आणि उठून जात. कांताबाई नावाची एक गिऱ्हाईक बाई साड्यांचं गाठोडं घेऊन आली होती, तिला बाईंनी दारातूनच परत पाठवलं. बाईंचा आवाज इतका बारीक मी तोवर ऐकला नव्हता.

शेवटी शालिग्रामजी म्हणाले, "दे तो तुकडा. मी बनवून देतो. दिवाळीच्या आत."

आता आली का पंचाईत? बनवणार कशावर, तर माझ्यावर. मी जीव तोडून काम केलं असतं हो, पण दात प्लॅस्टिकचे. खाच अर्धी झाली आणि यांनी सवयीने जोर दिला. कडकड. गेले दात. नवा गियर मागवला तर दिवाळी होऊन जाईल.

शालिग्रामजी कपाळाला हात लावून बसले. तेव्हा वनमालाबाई स्टुलावरून म्हणाल्या, "मी म्हणते, त्या दाताच्या भानगडीत पडताच काहून? माझी मशीन पट्ट्यावर चालते. तीस वर्षं झाले, एक दात नाही पडला. जोर जास्त झाला तर पट्टा घसरते, मोडत नाही काही."

"तुले काय समजते त्यातलं? ही मिलिंग मशीन आहे."

"मले काय समजते, मी तर नुसती चालवून राहिली," असं म्हणून बाई भाजी चिरायला गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना शालिग्रामजींनी शेखरला सांगितलं, "माझ्या डोक्यात एक आयडिया आली आहे. गियर काढून टाकायचे. पट्टा लावायचा." माझ्या डोक्यात आली आहे, म्हणे! मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं कुणाच्या डोक्यात आली ते. बाई चहाचे कप उचलत होत्या. हसल्यासुद्धा नाहीत.

पण काम त्यांनी मन लावून केलं, ते मी कबूल करते. माझ्या डोक्यातले सगळे गियर काढले. ॲल्युमिनियमची एक जाड पट्टी कापली, तिच्यावर मोटर उचलून बसवली. साहूच्या खरादाच्या, म्हणजे लेथच्या, दुकानात जाऊन दोन पुल्या करून आणल्या, एक मोटरसाठी, एक माझ्या कटरच्या दांड्यासाठी. मोटरच्या बोल्टांना लांबट भोकं ठेवली, म्हणजे मोटर मागेपुढे सरकवून पट्टा ताणता यावा. पट्टा कुठला, तर वॉशिंग मशीनचा. आणि तो विकत घेताना मापाची टेप न्यायची की नाही? नाही. सुतळीने मोजलं, सुतळी खिशात घातली, ती खिशात ताणली गेली. पहिला पट्टा मोठा, दुसरा लहान. तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला म्हणे, "भैया, मशीन ही उठा के ले आओ." तिसरा बसला.

आणि मित्रांनो, बटण दाबलं तेव्हा काय झालं सांगू? काही नाही. आवाजच नाही! नुसती एक गोड घरघर. मला वाटलं मी बंदच आहे. खाली पाहते तर कटर फिरतोय. इतकी वर्षं स्वतःच्या खडखडाटाने माझं डोकं उठलं होतं, आणि आता पडवीतल्या चिमण्या मला ऐकू येत होत्या. मी त्या दिवशी खरोखर खूश होते. असे दिवस माझ्या आयुष्यात कमी.

शालिग्रामजीही खूश. खुशीत त्यांनी सवयीप्रमाणे पुटपुटायला सुरुवात केली. "वनमालाच्या हातचं वरण आजकाल नुसतं पाणी."

"काय म्हणलं?" पडवीच्या त्या टोकाकडून आवाज आला.

शालिग्रामजी दचकले. माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच चहाडी केली. त्या दिवसापासून ते माझ्यापाशी तोंड मिटून काम करू लागले. निदान काही दिवस तरी.

दांड्याचं लोखंड तयार होतं, कटर धारदार होता, मी तयार होते. दिवाळीला तीन आठवडे होते. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. पण सुरळीत चाललेलं पाहवत नाही ना काही लोकांना!

खंडेनवमी आली. या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. कात्री, विळी, स्कूटर, पाना, आणि मी. आदल्या दिवशी शालिग्रामजी मला पुसायला आले. पुसलं, सरकत्या जागी तेलाचे थेंब सोडले, उत्तम केलं. मग पट्ट्याकडे पाहून थबकले. त्यांच्या उमेदवारीच्या काळात कारखान्यात चामड्याचे लांबच लांब पट्टे असत. म्हाताऱ्या फोरमनने त्यांना शिकवलं होतं की पट्ट्याला एरंडेल पाजावं, पट्टा मऊ राहतो आणि पकड धरतो. चामड्याला ते बरोबरच होतं. पण माझा पट्टा रबराचा, मित्रांनो, वॉशिंग मशीनचा! मी मनातल्या मनात ओरडले, अहो नको, नको. पण हे आत गेले, वनमालाबाईंची एरंडेलाची बाटली घेऊन आले, आणि बोटांनी माझ्या पट्ट्याला आतून-बाहेरून चोळून चोळून एरंडेल पाजलं. वर मायेने थोपटलं. संताप संताप झाला माझा. मग ग्रीसने काळे झालेले हात न धुताच बाटली आत नेऊन ठेवली आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पूजा केली. आधी वर्तमानपत्राचा कागद घडी करून पट्ट्यावर पसरला. मग माझ्या डोक्यावर कुंकवाचं एक बोट, टेबलावर झेंडूचं फूल, बाजूला लहानशी पणती. एक थेंब पट्ट्यावर पडू दिला नाही. पूजा झाल्यावर कागद काळजीने काढून घेतला. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणजे डोळे असते तर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. कटर लोखंडाला लागला, आणि मोटर आपली फिरतेय, पट्टा आपला घसरतोय, कटर जागच्या जागी उभा! शालिग्रामजींनी पट्टा ताणला. घसरला. आणखी ताणला. घसरला. इतका ताणला की माझ्या बेअरिंगला चटके बसू लागले. शेवटी त्यांनी पट्ट्याला बोट लावून पाहिलं. बुळबुळीत. वर माझ्या डोक्यावर कुंकू दिसलं, पणतीचा डाग दिसला, आणि यांचा निकाल लागला.

"अवो! इकडे ये! तुनं पूजेत तूप लावलं पट्ट्याले!"

बाई पदराला हात पुसत आल्या. "मी? पट्ट्याले?"

"मग काय मी लावलं? मशीन आहे का देव आहे? सत्यानाश केला सगळा."

"मी कागद झाकला होता वरून."

"झाकला होता! मग हे काय आहे, गंगाजल?"

"तीस वर्षं पट्टा चालवून राहिली मी," बाई म्हणाल्या. "पट्ट्याले तेल लागू देऊ नये, इतकं मले समजते. तुमच्यासाठी नव्हतं होऊन राहिलं हे काम, माझ्यासाठी होतं. मी काहून खराब करीन?"

"जाऊ दे आता. देऊन टाक कबाड्याले," असं म्हणून ते पाय आपटत निघून गेले.

हेच शेवटचं वाक्य लागलं. इतकं कुणी बोलावं? मी उभी थरथरत होते, आणि थरथरायला मोटरसुद्धा चालू नव्हती. सांगायचं तर सगळं मला माहीत होतं. पण मी मशीन. मला कुणी विचारतं का?

आठ दिवस त्या घरात दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. चहा यायचा, पण न बोलता. "यांले सांग, जेवण तयार आहे," असं शेखरमार्फत. शेखर सकाळी नव्या रायपूरच्या बसला पळायचा, त्याला भांडण कशावरून तेच कळलं नव्हतं. त्याने कबाड्याला रविवारी यायला सांगून ठेवलं. बाईंनी दुपारी स्टुलावर बसणंसुद्धा सोडलं.

शनिवारी शालिग्रामजी नवा पट्टा आणायला निघाले. आणि खात्रीने सांगते, नवा बसवला असता तर त्यालाही एरंडेल पाजलं असतं. ते गेल्यावर बाई घर आवरता आवरता फळीवरच्या बाटल्या पुसत होत्या. मागच्या खिडकीतून मला दिसत होतं. एरंडेलाची बाटली हातात घेतली आणि थांबल्या. बाटली अर्धी झाली होती. आणि काचेवर काळ्या ग्रीसची चार बोटं आणि एक अंगठा, अगदी ठसठशीत.

मला वाटलं, आता बाई तणतणतील. शेजारी बोलावतील, दाखवतील. मी असते तर ढोल वाजवला असता. बाईंनी काय केलं? गरम पाण्यात धुण्याची पावडर कालवली. पडवीत आल्या, पट्टा सैल करून काढला आणि घासला. दोन्ही पुल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसल्या, पुन्हा पुसल्या. पट्टा कोरडा केला. मग शिवणकामाच्या डब्यातला कपड्यावर खुणा करायचा पांढरा खडू काढला आणि पट्ट्याच्या आतल्या अंगाला हलकेच चोळला, त्यांचा चामडी पट्टा घसरला की करत तसा. पट्टा पुन्हा चढवला, बोटाने दाबून ताण पाहिला. मग ती बाटली माझ्या टेबलावर, ठसे समोर येतील अशी ठेवली आणि पिको मशीनपाशी जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून.

शालिग्रामजी आले. नवा पट्टा हातात. माझ्यासमोर उभे राहिले आणि बाटली दिसली. बाटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. माणसाचा चेहरा उतरताना मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. खरं सांगते, तेवढा वेळ माझा राग कुठे गेला मला कळलं नाही.

त्यांनी नवा पट्टा खिशात घातला. लोखंडाचा तुकडा बांधला, बटण दाबलं. पट्टा घट्ट. कटर लोखंडात शिरला आणि बारीक चकचकीत कीस उडू लागला. आणि ऐका, पहिल्यांदा त्या माणसाने चाक हळूहळू फिरवलं. हळूहळू! तीन वर्षं मी ज्याची वाट पाहत होते, ते आज. खाच सरळ पुढे सरकू लागली.

मग त्यांचे ओठ हलले. जुनी सवय. मशीन चालू आहे म्हणजे कुणाला ऐकू जात नाही, हे छत्तीस वर्षांचं वळण एका पट्ट्याने थोडंच जातं?

"चुकलो मी, वनमाला. माझ्याच हातचं तेल होतं. उगाच बोललो तुले."

मी गोड घरघरत होते. पडवीत दुसरा आवाज नव्हता.

"काय म्हणलं?" तिकडून आलं.

शालिग्रामजी गडबडले. "काही नाही. मशीनले म्हणलं."

बाई वळल्या नाहीत. "मशीनचं नाव वनमाला आहे काय?"

आणि मग या माणसाने काय केलं माहीत आहे? कटर लोखंडात, खाच अर्धी, अशा वेळी हात लांब करून माझं बटण बंद केलं! छत्तीस वर्षांचा फिटर, चालू कामात मशीन थांबवतो! अशाने खाचेत ओरखडा उठतो, हे काय मी सांगायचं? पण मी गप्प राहिले. मित्रांनो, त्या दिवशी मी अगदी गप्प राहिले. पडवीत चिमण्यासुद्धा नव्हत्या.

"वनमाला," ते मोठ्याने म्हणाले, "चुकलो मी."

बाईंनी पिको मशीनवरचं कापड काढलं, घडी केली, मांडीवर ठेवली. "खाच पुरी करा आधी," त्या म्हणाल्या. "कबाडी उद्या येऊन राहिला."

कबाडी आला. त्याला जुने सायकलचे टायर आणि माझे प्लॅस्टिकचे गियर मिळाले. पिको मशीन आजही चालते, आणि त्या दांड्याच्या खाचेत मधोमध एक बारीक ओरखडा आहे. तर मित्रांनो, तुमच्या घरी मशीन असेल तर तेल जिथे लागतं तिथे घाला, पट्ट्याला मात्र लावू नका. शेजारी जे तीस वर्षं काम करत बसलं आहे, त्याला एकदा विचारून पाहा. आणि कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर आधी मशीन बंद करा. माझ्या खाचेची काळजी करू नका, मी चिडेन, पण थांबेन.